मोनेच्या वाटेने आपलं घर आणि बाग रंगवताना

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने जिथे जिथे बिऱ्हाड करून राहिला, तिथली बाग त्याच्या चित्रांत आली. १८७१ ते १८७८ पॅरिसजवळचं आर्जांतई, मग १८८१पर्यंत सेन नदीकाठचं वेतई, आणि १८८३पासून १९२६मध्ये डोळे मिटेपर्यंत जिव्हर्नी. १८९०मध्ये जिव्हर्नीचं घर २२,००० फ्रँकला विकत घेतलं, तोवर तो भाड्याच्याच घरात राहिला. घर भाड्याचं असो की स्वतःचं, फुलझाडं लावायची आणि ती फुलली की समोर ईझल, म्हणजे चित्र ठेवायची घोडी, मांडायचं, हा क्रम काही चुकला नाही.

ही चित्रं ओळीने पाहिली की एक गोष्ट ठळक दिसते. घर बहुतेक वेळा पूर्ण दिसतच नाही. कुठे वेलींनी झाकलेली भिंत, कुठे झाडांमधून डोकावणारं छप्पर, कुठे पायऱ्यांच्या टोकाला उजळलेला एक तुकडा. तरी पाहणाऱ्याला लगेच कळतं की इथे कुणीतरी राहतं. आपण स्वतःचं घर रंगवायला बसतो तेव्हा नेमकं उलटं करतो. आधी घर काढतो, खिडक्यांचे गज मोजतो, कौलं भरतो आणि उरलेल्या जागेत झाडं लावतो. असं चित्र नकाशासारखं कोरडं होतं. इथे मी जो क्रम देतो आहे त्यात घराची पाळी उशिरा येते. तैलरंग आणि ॲक्रिलिक दोन्हींना तो चालतो. जलरंगात काय बदलायचं तेही ओघात सांगतो.

आधी तीन चित्रं नीट पाहा

ब्रश हातात घेण्याआधी एक संध्याकाळ पाहण्यात घालवा. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधलं १८७३चं आर्जांतईच्या घराचं चित्र, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं १८८१चं वेतईच्या बागेचं चित्र आणि पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातलं १९००चं जिव्हर्नीच्या आयरिस फुलांचं चित्र. पहिल्या दोन संग्रहालयांनी आपल्या संकेतस्थळांवर ही चित्रं मोठ्या आकारात मोफत ठेवली आहेत. अगदी जवळ जाऊन ब्रशचा एकेक फटकारा पाहता येतो.

आर्जांतईच्या चित्रात अंगणाचा मोठा मोकळा भाग आहे. त्यात साधारण सहा वर्षांचा झाँ, चित्रकाराचा मुलगा, हातात खेळायचं कडं घेऊन पाठमोरा उभा आहे. दारात त्याची आई कामीय. मध्ये निळ्या-पांढऱ्या कुंड्यांची रांग. इथे स्वतःला एकच प्रश्न विचारा: घर किती मोठं आहे हे मला कशावरून कळलं? उत्तर त्या मुलात आणि दारातल्या बाईत आहे. भिंतीच्या बारकाव्यांतून ते कळत नाही.

वेतईचं चित्र दीड मीटर उंच आहे. मधून वर चढत जाणारी वाट, दोन्ही बाजूंना सूर्यफुलांच्या भिंती, पुन्हा त्याच धाटणीच्या निळ्या-पांढऱ्या कुंड्या, वर पायऱ्या आणि घर. कामीय १८७९च्या सप्टेंबरमध्ये वेतईलाच वारली. या चित्रातली उन्हाची ऊब त्यानंतरच्या दोन वर्षांतली आहे. हे माहीत असलं की त्या सूर्यफुलांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. पण आपल्या कामापुरतं पाहायचं ते हे: चित्राचा बहुतेक भाग बागेने व्यापला आहे आणि घर वाटेच्या शेवटी, डोळा जिथे थांबतो तिथे आहे.

आयरिसांच्या चित्रात तर घर झाडांच्या आड जेमतेम दिसतं. तिरप्या ओळींत जांभळी फुलं, मध्ये गुलाबीसर मातीची वाट. माझ्या मते तिघांत शिकण्यासारखं सगळ्यांत जास्त याच चित्रात आहे. फुलांकडे पुन्हा वळू तेव्हा त्याबद्दल बोलू.

वेळ ठरवा, मग जागा

अनेक जण आधी जागा शोधतात आणि मग वेळ मिळेल तेव्हा बसतात. क्रम उलटा ठेवा. एक दिवस नुसतं घराभोवती फिरा. सकाळी सात, नऊ, दुपारी बारा, चार आणि साडेपाचला त्याच कोपऱ्यातून मोबाइलवर फोटो काढा. घराची एक बाजू उजळलेली आणि दुसरी सावलीत, अशी वेळ निवडा. दोन्ही बाजू सारख्याच उजळ असतील तर भिंतीला आकार येत नाही.

इथे आपल्या आणि नॉर्मंडीच्या, म्हणजे जिव्हर्नीच्या प्रांतातल्या, उन्हातला फरक लक्षात घ्या. जिव्हर्नी ४९ अंश अक्षांशावर आहे. तिथे भर उन्हाळ्यातल्या दुपारीसुद्धा सूर्य थेट डोक्यावर येत नाही, त्यामुळे सावल्या दिवसभर थोड्याफार तिरप्या पडतात. महाराष्ट्रात मे महिन्याच्या दुपारी सावली झाडाच्या बुंध्याशी गोळा होते आणि सगळं सपाट, भुरकट दिसतं. म्हणून आपल्याकडे सकाळी साडेनऊच्या आत किंवा दुपारी चारनंतरच बसावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मात्र जवळजवळ दिवसभर तिरपं ऊन मिळतं.

एका बैठकीला पाऊण तास ते एक तास. सावल्या तेवढ्या वेळात बऱ्याच सरकतात, त्यापुढे तुम्ही वेगळंच चित्र रंगवत असता. पॉप्लर झाडांची मालिका करताना (१८९१) मोनेला एका कॅनव्हाससाठी जेमतेम सात मिनिटांचा प्रकाश मिळे, अशी आठवण त्याची शेजारीण आणि चित्रकार लिला कॅबट पेरी हिने लिहून ठेवली आहे. पानावरचं ऊन सरकलं की तो दुसरा कॅनव्हास उचलत असे. आपल्याला दोन पुरेत: एक सकाळचा, एक संध्याकाळचा.

नजरेची उंचीही ठरवून टाका. बसून सुरुवात केली तर शेवटपर्यंत बसूनच. मोनेने १८६६मध्ये ‘बागेतल्या स्त्रिया’ हे अडीच मीटर उंचीचं चित्र उघड्यावर रंगवताना जमिनीत चर खणून कॅनव्हास दोराने खालीवर सरकवण्याची सोय केली होती. वरचा भाग रंगवायला शिडीवर चढायचं नाही, कॅनव्हासच खाली न्यायचा. नजर हलली की वाटेचा उतार, पायऱ्या, खिडकीची रेघ, सगळंच बिघडतं. हे चित्र १८६७च्या सलोंने, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनाने, नाकारलं, आणि मित्र फ्रेदेरिक बाझीयने ते २,५०० फ्रँकला हप्त्याहप्त्याने विकत घेतलं.

सहा रंग, काळा नाही

१९०५मध्ये आपल्या चित्रविक्रेत्याला, ड्युराँ-र्‍युएलला, लिहिलेल्या पत्रात मोनेने आपले रंग मोजके सांगितले: पांढरा, कॅडमियम पिवळा, व्हर्मिलियन (शेंदरी लाल), गडद मॅडर (किरमिजी), कोबाल्ट निळा आणि हिरव्यात व्हायरिडियन. त्याचा पांढरा शिशाचा होता आणि व्हर्मिलियन पाऱ्याचा. दोन्ही विषारी आहेत, म्हणून आपण टायटॅनियम व्हाइट आणि कॅडमियम रेड लाइट घ्यावेत. मॅडरऐवजी पर्मनंट ॲलिझरिन चालतो. तरुणपणी मोने काळाही वापरत असे, पुढे तो पॅलेटवरून गेला.

काळ्याशिवाय गडद रंग कसा मिळतो? व्हायरिडियनमध्ये ॲलिझरिन मिसळा. जवळजवळ काळा, पण आतून जिवंत असा गडद रंग तयार होतो. ॲलिझरिन जास्त घेतला तर तो तांबूस होतो, व्हायरिडियन जास्त घेतला तर हिरवट. झाडाच्या पोटातला अंधार यातून येतो. भिंतीवरच्या सावलीसाठी कोबाल्ट, चिमूटभर ॲलिझरिन आणि पांढरा. मातीच्या रंगासाठी कॅडमियम पिवळा आणि लाल, त्यात किंचित कोबाल्ट. पहिल्या दिवशी चित्र काढूच नका, या सहांतून वीसएक मिश्रणं कागदावर करून ठेवा. बाहेर ऊन सरकत असताना रंग शोधायला वेळ नसतो.

पॅलेटवर रंगांचा क्रम कायम एकच ठेवा. म्हातारपणी मोतीबिंदूने मोनेची नजर गढूळ झाली, तेव्हा तो ट्यूबवरची नावं आणि पॅलेटवरच्या ठरलेल्या जागा यांच्या भरवशावर काम करत होता. १९२३मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्याच सुमाराची, गुलाबाच्या बागेतून दिसणाऱ्या घराची चित्रं पॅरिसच्या मार्मोताँ संग्रहालयात आहेत. त्यांत घर लाल-पिवळ्या रंगांच्या गुंत्यात विरून गेलं आहे, तरी ते जागच्या जागी उभं आहे.

बाकी सामान साधं. १२ बाय १६ इंचांचा कॅनव्हास, सहा, आठ आणि दहा नंबरचे सपाट हॉग हेअर (डुकराच्या राठ केसांचे) ब्रश, चिंध्या भरपूर. कॅनव्हास पांढराशुभ्र न ठेवता फिकट राखाडी किंवा मलई रंगाचा पातळ थर आदल्या दिवशी देऊन ठेवा. फटकाऱ्यांमधून तो डोकावतो आणि चित्र बांधून धरतो. ॲक्रिलिक वापरत असाल तर पाण्याचा फवारा जवळ हवा, कारण आपल्या उन्हात रंग पॅलेटवरच वाळतो. जलरंगात कागदच तुमचा पांढरा, म्हणून उजळ भिंत आणि उन्हातली फुलं सुरुवातीलाच राखून ठेवावी लागतात.

पाच रेघा

पातळ केलेल्या कोबाल्टने फक्त पाच गोष्टी आखा: नजरेची पातळी, वाटेच्या दोन कडा, भिंत जमिनीला टेकते ती रेघ आणि झाडं-छप्पर मिळून आकाशाला भिडतात ती वाकडीतिकडी कड. खिडक्या नाहीत, कौलं नाहीत, फुलं नाहीत. घराला चित्राच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त जागा देऊ नका, आणि ते नेमकं मध्यावर नको.

मग डोळे अर्धवट मिटा. समोरचं दृश्य चार-पाच मोठ्या तुकड्यांत विरघळलं पाहिजे: आकाश, गडद झाडी, उजळ भिंत, सावलीतली भिंत, जमीन. मोनेने पेरीला दिलेला सल्ला याच वळणाचा होता. समोर झाड आहे, घर आहे, शेत आहे हे विसरायचं, आणि इथे निळ्याचा एवढा चौकोन, तिथे गुलाबीची एवढी पट्टी असं जे दिसतं तेच त्या आकारात, त्या रंगात लावायचं. वाचायला सोपं आहे. करताना हात सारखा ‘खिडकी’ काढायला धावतो, कारण खिडकी कशी असते हे आपल्याला पाठ आहे.

सावल्या आधी

पहिली पंधरा मिनिटं फक्त सावल्यांना द्या. झाडीतला अंधार, छपराखालची पट्टी, सावलीतली भिंत, वाटेवर पडलेली झाडाची सावली. रंग पातळ, ब्रश मोठा. सावल्या सगळ्यांत आधी पळतात, म्हणून त्यांची जागा आधी पक्की करायची. एकदा लावल्या की सूर्य कुठेही गेला तरी त्या हलवायच्या नाहीत.

सावलीचा रंग नीट पाहा. ‘बागेतल्या स्त्रिया’ चित्रात पांढऱ्या झग्याचा घेर जमिनीवर पसरला आहे आणि त्यावरून झाडाची सावली गेली आहे. कापड तेच, पण उन्हातला भाग उबदार पांढरा आणि सावलीतला निळा-जांभळा. उघड्यावर सावलीला वरच्या आकाशाचा निळा मिळतो, आणि शेजारी पिवळसर ऊन असल्याने तो निळा आणखी निळा वाटतो. पांढऱ्यात काळा मिसळून केलेली राखाडी सावली तिथे मेलेली दिसते.

आता घर

उजळ भिंतीला एकच तपासणी करा: ती आकाशापेक्षा उजळ आहे की गडद? उन्हातली पांढरी भिंत निळ्या आकाशापेक्षा उजळ असते, सावलीतली भिंत बहुधा त्याहून गडद. हे दोन संबंध बरोबर आले की घर उभं राहतं, मग खिडक्या नसल्या तरी चालतं. उजळ भिंतीतही ट्यूबमधला नुसता पांढरा लावू नका. त्यात पिवळ्याचा आणि लालचा अगदी थेंब टाका. सावलीतल्या भिंतीचा खालचा भाग वरच्यापेक्षा उबदार ठेवा, कारण उन्हाने तापलेल्या जमिनीचा उजेड तिथे परत फेकला जातो. कोकणातल्या तांबड्या मातीच्या अंगणात हा नारिंगी उजेड भिंतीवर स्पष्ट दिसतो आणि तो आला की चित्राला ठिकाण मिळतं.

खिडकी म्हणजे एक गडद डाग आणि त्याच्या कडेला एक उजळ फटकारा, बस. जिव्हर्नीचं घर गुलाबी, त्याच्या झडपा हिरव्या. हे रंग मोनेने राहण्यासाठी निवडले, पण त्यांत चित्रकाराची नजर आहे. लाल कुळातला रंग हिरव्याशेजारी ठेवला की दोन्ही उजळतात. तुमच्या घराला अशी जोडी नसेल तर दाराशी लाल जास्वंद असेल, दोरीवर वाळत घातलेली साडी असेल. ती चित्रात घ्या.

भिंतीचा निदान एक कोपरा पानांत हरवू द्या. चारही कडा धारदार असलेलं घर बागेपासून सुटं पडतं. झाडीतून दिसणाऱ्या आकाशाच्या फटी सगळ्यांत शेवटी, पानांवरून लावा, आणि त्यांचा निळा मोकळ्या आकाशापेक्षा एक छटा गडद घ्या. तेवढाच उजळ लावला तर त्या फटी पुढे उडी मारतात.

वाट आणि फुलं

वेतईच्या चित्रातली वाट एकदा पुन्हा पाहा. उन्हाचे गुलाबीसर पट्टे, त्यांच्यामध्ये निळसर सावलीचे पट्टे. वाटेवरचे फटकारे आडवे ठेवले की जमीन आडवी राहते. सूर्यफुलांचे उभे आणि तिरपे ठेवले की झाडं वर चढतात. फटकाऱ्याची दिशाच इथे रेखाटनाचं काम करते. वाट दूर जाईल तसे पट्टे जवळजवळ आणि बारीक, रंगांतला फरकही कमी.

फुलांना सर्वांत जास्त वेळ द्या, पण सर्वांत उशिरा. आयरिसांचं चित्र पाहून मला जे कळलं ते असं: आधी वाफ्याचा एक मधला रंग पसरायचा, तिथे जांभळसर हिरवा. मग त्यातल्या सावलीच्या जागा गडद करायच्या. फुलं त्यानंतर, आणि तीही दोन टप्प्यांत: आधी सावलीतली, निळसर जांभळी, मग उन्हातली, गुलाबीकडे झुकणारी. उन्हातल्या फुलांची संख्या कमी ठेवा. पुढच्या ओळीत चार-सहा फुलांना स्वतंत्र, जाड फटकारा मिळावा. मागे जाताना फुलं एकमेकांत मिसळून नुसता रंग व्हावा. पाकळी एकही नको.

लाल किंवा केशरी फूल उन्हात उजळ करायचं तर पांढरा मिसळू नका, तो खडूसारखा गुलाबी होतो. पिवळा मिसळा. झेंडूच्या वाफ्यात हे लगेच कळतं: उन्हातला झेंडू पिवळ्याकडे जातो, सावलीतला ॲलिझरिनकडे. हिरव्याचंही तसंच. ट्यूबमधला व्हायरिडियन थेट लावला तर बाग प्लास्टिकची दिसते. उन्हातल्या पानात पिवळा आणि किंचित लाल, सावलीतल्या पानात कोबाल्ट, आणि आकाशाकडे तोंड करून असलेल्या चकचकीत पानावर फिकट निळा.

प्रत्येक फटकारा एकदाच ठेवा. ब्रश टेकवला, उचलला, चिंधीला पुसला. त्याच जागी दुसऱ्यांदा घासलं की खालचा ओला रंग वर येतो आणि चिखल होतो. सरावासाठी शंभर फटकारे मोजून एखादा वाफा पूर्ण करून पाहा. हात आपोआप विचार करायला लागतो.

माणसाची खूण

ऑर्से संग्रहालयातल्या ‘दुपारचं जेवण’ या १८७३च्या सुमाराच्या चित्रात जेवणं उरकली आहेत. टेबल तसंच पडलं आहे, फांदीला रिबिनीची हॅट अडकवली आहे, बाकावर छत्री राहिली आहे. झाँ टेबलाच्या सावलीत खेळतो आहे, आणि बायका मागे घराजवळ, जवळजवळ फुलांतच मिसळलेल्या. घरपण त्या हॅटमध्ये आहे. तुमच्या चित्रात ओट्यावरची बादली, तुळशीवृंदावन, दारातल्या चपला, सायकल यांपैकी एकच काही येऊ द्या. माणूस काढायचा असेल तर तीन फटकारे: डोकं, धड, जमिनीवरची सावली. दाराच्या उंचीशी त्याचं प्रमाण तपासा. बाकी चेहरा वगैरे काही लागत नाही.

थांबणं आणि परत येणं

तास झाला की थांबा. दुसऱ्या दिवशी, आभाळ तसंच असेल तरच, त्याच वेळी त्याच जागी बसा. मोने एका बैठकीत चित्र संपवून मोकळा होत असे ही समजूत खरी नाही. तो तोच कॅनव्हास पुन्हापुन्हा बाहेर नेई, स्टुडिओत त्यावर काम करी, काही चित्रं वर्षानुवर्षं जवळ ठेवी. १९०९मध्ये कमळांची ४८ चित्रं प्रदर्शनात मांडण्याआधी त्याने अशीच काही वर्षं घेतली होती. घरी बसून करायचं काम मात्र मोजकं ठेवा: छटांचे संबंध तपासणं, एखादी कड मऊ करणं, चारदोन उजळ फटकारे. फोटो पाहून नवीन तपशील भरू नका. कॅमेरा सावल्या काळ्या करतो, आणि ज्या निळ्यासाठी तुम्ही बाहेर बसलात तोच पुसला जातो.

आरशात उलटं पाहणं ही चांगली तपासणी आहे. घर एकीकडे कललं असेल तर लगेच दिसतं. लांबून पाहताना नजर वाटेवरून घराकडे न जाता एखाद्या फुलापाशी अडकत असेल, तर त्या फुलाची कड बोटाने दाबून मऊ करा.

तैलरंगाचं चित्र सुकायला जाड भागात कित्येक आठवडे लागतात. व्हार्निशची घाई करू नका, सहा महिने ते वर्ष जाऊ द्या. मोने आणि त्याच्या सोबतच्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांना फार चकचकीत पृष्ठभाग रुचत नसे, तेव्हा लावलंच तर मॅट लावा. पावसाळ्यात चित्र भिंतीला घट्ट चिकटवून टांगू नका, मागे बोटभर हवा खेळती ठेवा, नाहीतर कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते. आणि दुसरा, संध्याकाळचा कॅनव्हास पहिला सुकेपर्यंत सुरू करून टाका, त्याच जागेवरून.